बडोद्यात नंबरचे दोन चष्मे करायचे आहेत : पैसे नेमके कशावर खर्चावेत?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी या महिन्यात दोन चष्मे करायचे आहेत. निरनिराळ्या ठिकाणी विचारपूस केल्यावर किमतींमधली तफावत पाहून मी चक्रावून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर विचारते.

पहिला चष्मा माझा. वय ४८, चाळिशी लागून बराच काळ झाला. डॉक्टरांनी लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना +०.७५ आणि जवळचे अ‍ॅडिशन, म्हणजे वाचण्यासाठी त्यात मिळवायचा नंबर, +१.७५ असे लिहून दिले आहे. मी हिशेब खात्यात काम करते, त्यामुळे कामाचा सगळा वेळ समोर संगणक आणि बाजूला बिले-पावत्यांचे गठ्ठे असतात. दुसरा चष्मा मुलीचा. ती दहावीत आहे, दोन्ही डोळ्यांना -५.५० नंबर आहे, शिवाय थोडा सिलिंड्रिकल आहे, आणि तिचा नंबर दर वर्षी थोडाथोडा वाढतो आहे.

अलकापुरीतील एका मोठ्या दुकानात माझ्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबपासून जवळपर्यंतचे नंबर एकाच काचेत असणाऱ्या, चष्म्याचे २३,५०० रुपये सांगितले. मुलीसाठी १.७४ इंडेक्सच्याच (हा आकडा जितका मोठा तितकी काच पातळ) काचा घ्या, नाहीतर त्या बाटलीच्या बुडासारख्या दिसतील, असेही तिथल्या मुलाने बजावले. त्या काचांचे फ्रेम सोडून १४,००० होतात. रावपुऱ्यात आमच्या सासऱ्यांच्या काळापासूनचे एक दुकान आहे. त्यांनी माझा प्रोग्रेसिव्ह ७,८०० रुपयांत आणि मुलीचा १.६० चा चष्मा फ्रेमसकट ४,६०० रुपयांत करून देतो म्हणून सांगितले. ऑनलाइन पाहिले तर दोन्ही त्याहूनही स्वस्तात होताना दिसतात. सगळ्यांचे एकमत फक्त एकाच गोष्टीवर आहे, ते म्हणजे ब्लू कट, अर्थात निळा प्रकाश गाळणारी काच, हवीच.

माझा प्रश्न सर्वांत स्वस्त कुठे मिळेल असा नाही. जास्तीचे पैसे दिल्याने डोळ्यांना खरोखर काय जास्त मिळते आणि कोणते पैसे केवळ दुकानाच्या काचेच्या दारासाठी जातात, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सांगावे.

मांजलपूर_अभियंता

ताई, मी स्वतः शाळेपासून मोठ्या मायनस नंबरचा चष्मा लावतो, म्हणून मुलीच्या चष्म्यापुरते लिहितो. प्रोग्रेसिव्हबद्दल जाणकार सांगतील.

मायनस नंबरची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते, हे आपण पाहिले असेलच. ही कडेची जाडी तीन गोष्टींवर ठरते : नंबर, काचेच्या द्रव्याचा इंडेक्स, आणि बुबुळापासून काचेच्या सर्वांत दूरच्या कडेपर्यंतचे अंतर. नंबर बदलता येत नाही. दुकानदार इंडेक्सबद्दल तासभर बोलतात. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक जाडी या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तीच सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यासाठी एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही.

आकडे मांडून पाहू. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला ५४, १८, १४० असे तीन आकडे छापलेले असतात : काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. मुलीच्या दोन बुबुळांमधले अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ६० मिलिमीटर आहे असे धरू. ५४-१८ च्या फ्रेममध्ये दोन काचांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ७२ होते, म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून नाकाकडे ६ मिलिमीटर सरकलेला राहतो आणि कानाकडची कड बुबुळापासून ३३ मिलिमीटर दूर जाते. तीच फ्रेम ४८-१८ ची घेतली, तर ते अंतर २७ मिलिमीटर भरते. सिलिंड्रिकल बाजूला ठेवून -५.५० चा हिशेब केला, तर १.६० इंडेक्समध्ये मध्याच्या तुलनेत कडेची वाढीव जाडी मोठ्या फ्रेममध्ये सुमारे ५ मिलिमीटर आणि लहान फ्रेममध्ये सुमारे ३.३ मिलिमीटर येते. आता मोठी फ्रेम तशीच ठेवून इंडेक्स १.६० वरून १.७४ केला, तरी ती वाढ ५ वरून साधारण ४ मिलिमीटरपर्यंतच उतरते. म्हणजे लहान फ्रेमने जो फरक पडतो, तो हजारो रुपये जास्त मोजून घेतलेल्या १.७४ नेही पडत नाही. लहान फ्रेममध्ये १.६० आणि १.६७ यांतला फरक तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे.

दुसरी एक बाजू विक्रेते सांगत नाहीत. इंडेक्स वाढला की काच पातळ होते, पण बहुधा तिच्यातून रंग फुटण्याचे प्रमाणही वाढते. हे मोजण्यासाठी अ‍ॅबे आकडा वापरतात आणि तो जितका मोठा तितकी काच चांगली. साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा तो सुमारे ५८ आहे, १.६० च्या चांगल्या द्रव्याचा सुमारे ४१, तर १.६७ आणि १.७४ यांचा ३२-३३ च्या आसपास आहे. मोठ्या नंबरात काचेच्या कडेने फळ्यावरची पांढरी अक्षरे पाहिली, की त्यांना निळी-पिवळी किनार दिसते, ती याचमुळे. काहींना ती जाणवत नाही, मला जाणवते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की -५.५० साठी १.६० पुरेसे आहे. फ्रेम मात्र रुंदीला लहान, शक्यतो गोलसर, पूर्ण कड असलेली आणि जाडसर अ‍ॅसिटेटची घ्यावी, म्हणजे उरलेली जाडीही झाकली जाते. खाली नायलॉनच्या दोऱ्याने काच धरणारी सुपरा फ्रेम या नंबरला घेऊ नये, कारण तिच्यात जाड कड उघडी पडते. आजकाल मुलींना चेहरा झाकून टाकणाऱ्या मोठ्या फ्रेम आवडतात हे मी जाणतो, घरात तोच वाद चालू आहे. तिला आरशासमोर दोन्ही लावून बाजूने फोटो काढून दाखवा.

आणि नंबर दर वर्षी वाढत असेल, तर यंदाच्या काचा बहुधा पुढच्या वर्षी काढाव्याच लागणार आहेत, हेही १४,००० मोजण्याआधी ध्यानात घ्यावे. वाढ रोखण्याचा प्रयत्न करणाऱ्या खास काचा मुलांसाठी आता मिळतात. त्या तिच्या वयाला आणि नंबराला योग्य आहेत का, हे दुकानात न विचारता नेत्रतज्ज्ञांनाच विचारावे.

काचकाम

मी काचा घासण्याच्या आणि फ्रेममध्ये बसवण्याच्या कामात आहे. कोणत्या दुकानांसाठी करतो ते सांगत नाही. वरच्या साहेबांनी फ्रेमच्या मापाबद्दल जे लिहिले ते अगदी बरोबर आहे. आमच्याकडे बारीक नंबराचे गिऱ्हाईक लहान फ्रेम घेते आणि मोठ्या नंबराचे मोठी, असा उलटा कारभार रोज दिसतो.

आता तुमच्या चष्म्याकडे येतो. ताई, किमतीच्या आधी मला एक विचारायचे आहे. तुम्हाला लांबचे चष्म्याशिवाय स्पष्ट दिसते का? +०.७५ हा नंबर असा आहे, की तुमच्या वयाला बऱ्याच लोकांना त्यावाचून रस्त्यावरची पाटी वाचता येते. तसे असेल आणि डॉक्टरांचीही ना नसेल, तर तुम्हाला सर्वसाधारण प्रोग्रेसिव्ह हवाच आहे का, हेच आधी ठरवावे लागेल. २३,५०० की ७,८०० हा प्रश्न त्यानंतरचा.

कारण सांगतो. प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो : वर लांबचा, तळाला वाचण्याचा, आणि मध्ये संगणकाच्या अंतराचा एक पट्टा. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धूसर भाग राहतोच. तो कोणत्याही कंपनीला पूर्ण काढून टाकता आलेला नाही. महाग काचेत तो अधिक शिताफीने पसरवलेला असतो आणि मधला पट्टा थोडा रुंद मिळतो, हे खरे आहे. तरीही सर्वसाधारण प्रोग्रेसिव्हमध्ये संगणकासाठी वापरात येणारा भाग हाच सर्वांत अरुंद असतो, आणि तुमचे काम तर दिवसभर त्याच भागातून चालणार. मग गिऱ्हाईक हनुवटी वर करून बसते, संध्याकाळी मान धरते, आणि दोष नंबराला दिला जातो.

संगणक आणि कागद एवढ्यासाठीच बनवलेल्या काचा वेगळ्या असतात. त्यांना ऑफिस लेन्स म्हणतात. त्यांत वरचा भाग पडद्याच्या अंतराचा आणि खालचा वाचण्याचा असतो. लांबचे त्यांतून नीट दिसत नाही, त्यामुळे त्या लावून गाडी चालवायची नाही. पण मधला भाग ऐसपैस असतो. याहून स्वस्त मार्ग म्हणजे डी बायफोकल, अर्थात खाली इंग्रजी D च्या आकाराची वाचण्याची खिडकी असलेली दोन नंबरांची काच, जिच्या वरच्या भागात लांबच्याऐवजी संगणकाचा नंबर घालायचा. रेषा दिसते खरी, पण रेषेच्या वर सगळी काच संगणकाची आणि खालची खिडकी कागदाची, मध्ये धूसर काही नाही. यासाठी आपल्या टेबलाशी नेहमीसारखे बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे आणि डोळ्यापासून कागदापर्यंतचे अंतर टेपने मोजा, ते चिठ्ठीवर लिहा, आणि डोळे तपासणाऱ्यांकडून त्या दोन्ही अंतरांचे नंबर लिहून घ्या. हे अंतर न सांगता दिलेला जवळचा नंबर बहुधा पुस्तक हातात धरण्याच्या अंतराचा, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरचा असतो.

प्रोग्रेसिव्हच घ्यायचा ठरला, तर मापाशी तडजोड करू नका. प्रत्येक डोळ्याची पीडी वेगळी घेतली पाहिजे, कारण नाक दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये असतेच असे नाही. मग निवडलेली फ्रेम तुमच्या नाकावर नीट बसवून, तिच्या काड्या कानामागे वाकवून, समोरासमोर सारख्या उंचीवर बसून, डेमो काचेवर बुबुळाच्या जागी पेनने खूण केली पाहिजे. दुकानदार उभा आणि तुम्ही बसलेल्या असाल, तर खूण चुकणारच. फ्रेम आधी बसवून न घेता उंची मोजली आणि नंतर काड्या वाकवल्या, तरी ती चुकते, कारण चष्मा वर सरकतो. महागातली महाग काच दोन मिलिमीटर खाली बसली, तर ती साध्या काचेइतकीही कामाची राहत नाही. म्हणून माझे सांगणे असे, की दुकान निवडताना शोकेसऐवजी माप घेणाऱ्या माणसाचा हात पाहावा. जुन्या दुकानात हा हात असतो, असे मानायचे कारण नाही, आणि मोठ्या दुकानात नसतो, असेही नाही.

पैसे मोजलेलीच काच मिळाली का, हेही पाहता येते. खऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेवर लेसरने कोरलेल्या दोन बारीक खुणा असतात, बहुधा छोटी वर्तुळे, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. काचेवर हलकी फुंकर घालून किंवा ती ट्यूबलाइटसमोर तिरपी धरून पाहिले, की त्या दिसतात. कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडिशन कोरलेले असते, तुमच्या बाबतीत १७ किंवा १.७५ असे काहीतरी, आणि नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचे किंवा प्रकाराचे चिन्ह असते. ते चिन्ह आणि पाकिटावरचे नाव जुळले पाहिजे. काचांची रिकामी पाकिटे दुकानदाराकडून मागून घ्या. देणारा दुकानदार लगेच देतो.

फतेगंज_वाचनालय

ऑनलाइन चष्म्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. दुकानदार मंडळी ऑनलाइनला सरसकट नावे ठेवतात, ते मला पटत नाही. धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे साध्या गुणाकाराने कळते. काचेचा मध्य डोळ्यापासून जितका सरकला, तितके सेंटिमीटर गुणिले नंबर, एवढा प्रिझमचा ताण डोळ्यांवर येतो. दोन्ही डोळ्यांची मिळून पीडी ४ मिलिमीटरने चुकली, तर +१.०० च्या चष्म्यात हा ताण ०.४ येतो, जो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तीच चूक -५.५० मध्ये २.२ होते आणि डोके दुखू लागते. म्हणून वाचनाचा साधा, बारीक नंबराचा, एकाच अंतराचा दुसरा चष्मा ऑनलाइन अवश्य घ्यावा. घरात एक, पर्समध्ये एक, असे ठेवता येतात. ताईंच्या मुलीचा मात्र दुकानात बसूनच करावा, आणि प्रोग्रेसिव्ह तर नक्कीच.

ब्लू कटबद्दल : २०२३ साली कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात साध्या काचेच्या तुलनेत निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी संगणकावरचा डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे दिसून आले नाही. निदान अल्प काळात तरी नाही. दुकानात निळ्या-जांभळ्या लेसरचा जो प्रयोग करून दाखवतात, त्या पेनांचा प्रकाश बहुधा ४०५ नॅनोमीटरचा, जांभळ्याच्या अगदी टोकाचा असतो. तो अडला म्हणजे पडद्याचा निळा प्रकाश अडला, असे होत नाही. आजकाल बऱ्याच काचांत ब्लू कट फुकट येतो, तेव्हा आला तर येऊ द्यावा, पण त्यासाठी वेगळे हजार रुपये मोजू नयेत. मोजायचे तर चांगल्या अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगसाठी मोजावेत. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आणि कचेरीतल्या ट्यूबलाइट यांची प्रतिबिंबे त्याने खरोखर कमी होतात, आणि मुलीच्या जाड कडेतली वर्तुळेही कमी दिसतात.

कारेलीबाग_निवृत्त

सगळ्यांनी छान लिहिले आहे. मी वयाने मोठा असल्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो, आणि एका बाबतीत माझे मत वेगळे आहे.

मत आधी सांगतो. प्रोग्रेसिव्हचे एवढे कौतुक मला कधी कळले नाही. मी वर्षानुवर्षे डी बायफोकल वापरतो, जिना उतरताना पायरी कुठे आहे ते मला कळते आणि पेपर वाचताना मान हलवावी लागत नाही. रेषा लोकांना दिसते म्हणून वय कळते, असे सुनेचे म्हणणे आहे. वय कळण्यासाठी माझ्या चष्म्याची गरज नाही, असे मी तिला सांगितले. केटी म्हणून गोल खिडकीची बायफोकल मिळते, ती आणखी स्वस्त असते, पण तिची वाचण्याची खिडकी लहान आणि वरून निमुळती असते, तेव्हा थोडे जास्त देऊन डी घ्यावी.

पहिली भर अशी, की ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी साखर वरखाली होत असताना चष्मा करू नये. साखर वाढली की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगावर परिणाम होऊन नंबर तात्पुरता बदलतो, आणि औषधाने साखर ताळ्यावर आली की नवा चष्मा निरुपयोगी ठरतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे थांबून, डॉक्टर सांगतील तेव्हाच कायमचा नंबर काढावा.

दुसरी भर बिलाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर आणि काचांवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, पूर्वी काचांवर तो १२ टक्के होता. पक्के बिल घ्यावे आणि त्यात फ्रेम, काचा आणि कोटिंग यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. एकावर एक फुकट या योजनेत फुकट काय आहे, ते अशा बिलातच कळते : बहुधा दुसरी फ्रेम फुकट असते आणि तिच्या काचांचे पैसे पहिल्याहून जास्त असतात.

ज्यांची ऐपत नसेल त्यांनी डोळे तपासायला सयाजी हॉस्पिटलच्या नेत्र विभागात जावे. तिथे रांग मोठी असते, पण तपासणी डॉक्टर करतात आणि विकायला फ्रेम नसते. दुकानातल्या यंत्रात डोळा लावून जो आकडा निघतो, तो केवळ अंदाज असतो. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून, हे बरे की ते बरे, असे विचारत नंबर पक्का करणारा माणसच लागतो, मग तो कुठेही असो.

दांडियाबाजारकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काचकामदादांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर : होय, मला लांबचे चष्म्याशिवाय व्यवस्थित दिसते, अ‍ॅक्टिव्हाही मी चष्म्याविनाच चालवते, आणि डॉक्टरांनीही लांबचा नंबर तपासताना हा लावला नाही तरी चालेल, असे म्हटले होते. आज कचेरीत टेपने मोजले. पडदा ६५ सेंटिमीटरवर आणि कागद ४२ सेंटिमीटरवर आहेत. आता या आकड्यांनिशी पुन्हा तपासणी करून घेईन आणि ऑफिस लेन्स व डी बायफोकल या दोन्हींच्या किमती विचारेन. काकांची सूनबाई काहीही म्हणोत, कचेरीत रेषा दिसली तर माझी हरकत नाही.

मुलीने ४८ ची गोल फ्रेम नाक मुरडत का होईना, पण मान्य केली आहे. तिच्याबद्दल आणखी तीन प्रश्न आहेत. ती शाळेत खो-खो खेळते, तेव्हा पॉलिकार्बोनेट घ्यावे का? उन्हात काळ्या होणाऱ्या काचांसाठी ती हटून बसली आहे, त्या आपल्या इथे उपयोगी पडतात का? आणि माझ्याकडे एक जुनी चांगली टायटॅनियमची फ्रेम पडून आहे, तिच्यात माझ्या नव्या काचा बसतील का?

मांजलपूर_अभियंता

पॉलिकार्बोनेट आदळल्यावर सहसा फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे आणि वजनालाही ते हलके असते. पण त्याचा अ‍ॅबे आकडा ३० च्या आसपास, म्हणजे चष्म्याच्या नेहमीच्या द्रव्यांत सर्वांत खालचा आहे, आणि त्यावर ओरखडे लवकर उठतात. रोजच्या चष्म्याला १.६० आणि खेळापुरता पट्ट्याने बांधायचा, पॉलिकार्बोनेटचा साधा दुसरा चष्मा, असे केले तर दोन्ही साधते. बजेट एकाच चष्म्याचे असेल, तर डोळ्याची सुरक्षितता आधी पाहावी आणि रंगीत किनार सोसावी.

काचकाम

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा, म्हणजे फोटोक्रोमिक, अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि थंडीत जास्त गडद, उष्णतेत कमी गडद होतात. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा आपल्याकडे त्या अपेक्षेइतक्या काळ्या होत नाहीत. मोटारीत बसल्यावर तर समोरची काच बरेचसे अतिनील किरण अडवते, त्यामुळे तिथेही फारसा परिणाम दिसत नाही. मुलगी सायकलने शाळेत जात असेल तर थोडा फायदा होईल, पण वर्षाला काचा बदलणाऱ्या मुलीसाठी एवढे पैसे घालावेत, असे मला वाटत नाही. गरमीचाच आणखी एक मुद्दा : कोणताही चष्मा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत ठेवू नका. तापल्याने काच आणि कोटिंग कमीजास्त फुगतात आणि कोटिंगला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत, आणि आमच्याकडे आलेला असा चष्मा वॉरंटीत बसत नाही. काच धुताना साधे पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे आहे. कोरड्या धुळीवर ओढणी फिरवली, की ओरखडे आलेच.

जुन्या फ्रेमचे विचारलेत. टायटॅनियमची असेल तर अवश्य वापरा, त्यात तुमचे फ्रेमचे सगळे पैसे वाचतील. फक्त बिजागऱ्यांचे स्क्रू फिरतात का, काचेभोवतीची कड कुठे उघडली आहे का, आणि काचेची उंची पुरेशी आहे का, एवढे पाहून घ्या. डी बायफोकलला वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग कामाचे राहिले पाहिजेत, म्हणून ३० मिलिमीटरच्या आसपास उंची असलेली बरी. नाकावरचे पिवळे पडलेले पॅड बदलून घ्या, ते फार थोड्या पैशांत होते, आणि ते बदलल्यानंतरच उंचीची खूण करू द्या, कारण नव्या पॅडने चष्मा थोडा वर बसतो. जुन्या प्लास्टिकच्या फ्रेमची गोष्ट वेगळी असते. ती काच बसवताना गरम केली की तडकू शकते आणि त्याची जबाबदारी कोणताच दुकानदार घेत नाही.

चष्मा घ्यायला जाताना मुलीला बरोबर न्या. तिथेच लेन्सोमीटरवर दोन्ही काचांचा नंबर आणि मध्यांमधले अंतर मोजून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहा. शनिवारी-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत कोणी मोजून दाखवत नाही. मधल्या वारी दुपारी चार वाजता दुकान उघडल्यावर लगेच गेलात, तर काड्याही बसवून मिळतील.